होडीभर अळकुड्या

९ नोव्हेंबर, पहिलं वर्ष

दवाखान्याच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं रोज संध्याकाळी वही लिहिली. भात किती, सूप किती, उरलं किती. निवृत्त झाले त्या दिवशी सगळ्यांनी मिळून घड्याळ दिलं आणि मी मागितली म्हणून एक कोरी वही. आता भात दोघांचाच, उरत काही नाही, म्हणून दुसरं काहीतरी लिहीन.

काओश्युंग शहर सोडून आमच्या बेटावर परत आलो त्याला अकरा दिवस झाले. इथे आमची नावं कोणी घेत नाही. नात झाल्यापासून नवरा मानोयोचा आजा आणि मी मानोयोची आजी. नात राहते तिकडे शहरात, तिला तर पत्ताही नाही की दोन म्हातारी माणसं तिचं नाव अंगावर घेऊन फिरतात.

आज जेवताना आजा म्हणाला, "होडी करणार आहे."

म्हटलं कर बापडा, निवृत्त माणसाला काहीतरी हवंच.

"कोरीव करणार."

माझा घास हातातच राहिला. साधी होडी करायची आणि समुद्रात ढकलायची, कोणी विचारत नाही. कोरीव होडीचं तसं नाही. ती पाण्यात उतरवायच्या आधी सहा गावांचे पाहुणे बोलवायचे आणि होडी या टोकापासून त्या टोकापर्यंत अळकुड्यांनी झाकायची. फळी दिसता कामा नये. दिसली तर पोरंबाळं म्हातारी होईपर्यंत लोक बोलतात. आणि चिखलाच्या खाचरात अळू लावणं हे बाईचं काम.

"मला विचारलंस?"

"आता विचारतोय की."

"हे विचारणं झालं? तू होडी म्हणालास, मला ऐकू आलं, तीन वर्षं चिखलात."

त्याने माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. मग म्हणाला, "अडतीस वर्षं लोकांच्या इमारतींना फळ्या ठोकल्या. सिमेंट वाळलं की काढून फेकल्या. एक तरी फळी माझी राहू दे."

मी ताटं गोळा केली. भांडी घासायला उठले.

१३ नोव्हेंबर

सासूबाईंचं खाचर बघायला काकूंबरोबर गेले. सहा वर्षं पडीक आहे, कमरेएवढं गवत. काकू म्हणजे ह्याच्या धाकट्या चुलत्याची विधवा, वय चौऱ्याऐंशी. कपाळाला पट्टा, पट्ट्याला पाठीवरची टोपली, हातात लोखंडी पहार, आणि चढावर माझ्यापुढे वीस पावलं.

त्यांना मूल झालं नाही. त्यामुळे त्या कोणाची आई नाहीत की आजी नाहीत, जन्मल्यावर ठेवलेलं सी वानाय हेच नाव अजून चालू आहे. गावात असं नुसतं नाव शेंबड्या पोरांना असतं आणि एक काकूंना. कोणी तशी हाक मारली की मलाच कसंतरी होतं. त्यांना होतं का, विचारायची माझी छाती नाही.

खाचरात उतरले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. पाय ओढला तर बूट आत राहिला. काकू बांधावर उभ्या राहून पान चघळत होत्या.

"बूट लावलास होय? उगवला तर आम्हालाही एक दे."

२ डिसेंबर

गवत निघालं. कंबर कामातून गेली. आज पहिल्या दोन ओळी लावल्या. काकू आल्या, बघितलं, खाली वाकून एक रोप उपटलं, परत खोचलं.

"हे लावलंस की पुरलंस?"

"काकू, चुकलं काय ते तरी सांगा."

"काय काय सांगू. हात दवाखान्याचा आहे."

सांगितलं शेवटी. रोप तिरकं धरायचं, मुळाशी टाचेने दाबायचं, पाणी घोट्यापर्यंत ठेवायचं. सांगताना त्या स्वतः अख्खी ओळ लावून मोकळ्या झाल्या. चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्या बाईची पाठ कोयत्यासारखी वाकते आणि तशीच सरळ होते. मी ओळीच्या शेवटी बसून राहिले होते. मला त्यांचा रागही आला आणि माझी दृष्ट लागेल असंही वाटलं.

२० जानेवारी

काल काकूंकडे जेवायला गेलो. ह्याचे दोन चुलतभाऊही होते. काकूंनी काय मासा केला होता! आणि वाढताना म्हणतात, "काही जमलं नाही, चव नाही, घर म्हणजे तर डुकराचं खुराडं, कसंबसं गोड मानून घ्या." मग सगळ्यांनी वा वा केली. आपल्याकडची रीतच ती. आपल्या चीजेला आपण नावं ठेवायची आणि दुसऱ्याच्या चीजेला मान द्यायचा. आपलं चांगलं म्हटलं की भुतंखेतं कान टवकारतात म्हणे.

या रीतीपायी माझी पहिली नोकरी जाणार होती. नवीन असताना मोठ्या आचाऱ्याने विचारलं, सूप कसं झालंय? मी आईने शिकवलं तसं म्हटलं, अगदीच बेकार झालंय, माणसाने खाण्यासारखं नाही. त्याने शांतपणे ऐंशी माणसांचं सूप मोरीत ओतलं. त्या दिवशी रोग्यांनी केळी खाल्ली. तेव्हापासून मी आपल्या स्वयंपाकाला छान म्हणायला शिकले, आणि दुसऱ्याने नावं ठेवली की ती खरी मानायला.

४ मार्च

आजा फिरायला गेला. उडत्या माशांचे दिवस आहेत. या दिवसांत पुरुष कुठे जातात ते बोललं की मासे दूर पळतात म्हणे, म्हणून तो कुठे फिरायला गेला ते लिहायचं नसतं.

३० मे

एक गंमत आहे. आमचं खाचर पाटाच्या अगदी शेवटाला, वरच्या सगळ्यांची भरली की उरलेलं पाणी आमचं. कोरड्या दिवसांत ओरड व्हायला हवी. पण मी सकाळी जाते तेव्हा खाचर काठोकाठ भरलेलं. वरच्या खाचराची बाई, वोकायनची आई, मनाने मोठी आहे, तीच सोडत असेल म्हणून तिच्यासाठी रताळी घेऊन गेले.

"मी नाही गं," ती म्हणाली. "मी उजाडल्याशिवाय बाहेर पडत नाही."

काकूंना विचारलं. म्हणाल्या, "पाणी उताराने जातं. शाळेत शिकवलं नाही का?" त्यांच्या दारात चिखलाने माखलेले गमबूट वाळत होते. या वयात इतक्या पहाटे कुठे जाता विचारलं, तर म्हणाल्या म्हातारपणी झोप लागत नाही, पाय मोकळे करते. कौतुक वाटलं. मी त्या वयात अंथरुणात असेन.

पाण्याला माझी दया आली असावी.

११ ऑक्टोबर, दुसरं वर्ष

वर्षाहून जास्त लिहिलं नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. चिखल, गवत, चिखल. आजाने डोंगरातून लाकडं आणली. तळाला एक झाड, बाजूला दुसरं, टोकाला तिसरं, प्रत्येकाचं नाव तो मला सांगतो आणि मी विसरते. फळ्या जोडायला खिळा चालत नाही, लाकडाच्या मेखा लागतात. जन्मभर खिळे ठोकलेला माणूस, पहिल्या चार मेखा त्याने फोडल्या.

आज काकू बांधावर होत्या आणि शेजारी वोकायनची आई. काकू तिला म्हणत होत्या, "काय तुझी पानं, काय तुझा बांध. तुझ्या खाचरात देठ नाहीत, खांब आहेत." वोकायनच्या आईची पानं माझ्यापेक्षा चार बोटं लहान आहेत, मी मोजली आहेत. मग काकू माझ्या खाचराकडे वळल्या. "आणि हे बघा. उंदराच्या शेपट्या."

मी पहार तिथेच टाकली आणि घरी आले. ह्याला सगळं सांगितलं. हा मेख तासत होता, हसायलाच लागला.

"शिव्या देतेय ना? मग बरं चाललंय."

"तुझी काकू आहे, तुला बरंच वाटणार. माझ्यासाठी आजवर एक चांगला शब्द निघाला का तिच्या तोंडातून?"

"माझी होडी बघून परवा काय म्हणाली माहीत आहे? डुकराला पाणी पाजायला बरी आहे." आणि वर खूश.

या घराण्यात शिव्या गोड लागतात. मला नाही लागत.

६ फेब्रुवारी

गुडघा सुजला. बेटावरच्या डॉक्टरने सांगितलं, चिखलात उभं राहू नका. म्हटलं चिखलाला सांगा. मुलीचा फोन आला, ती म्हणते परत या, खोली रिकामी आहे, मानोयो तुमची वाट बघते. खरं सांगायचं तर आज मन गेलं होतं. तिथे वरून पाऊस पडला तरी खाली फरशी असते.

ह्याला तसं म्हटलं. तो रागावला नाही, तेच वाईट. म्हणाला, "मग साधीच करू. कोरायचं राहू दे." आणि पटाशी फडक्यात गुंडाळून ठेवली. माझ्या सासऱ्यांनीही त्यांची होडी अशीच साधी ठेवली होती, कारण सासूबाई आजारी पडल्या. ते कधी बोलले नाहीत, पण दुसऱ्याची कोरीव होडी दिसली की हाताने चाचपून बघायचे.

१५ फेब्रुवारी

आठ दिवस झोपून होते. खाचरात गवताने आता रान केलं असणार म्हणून काठी टेकत गेले. गवताचं एक पातं नाही. काकू बांधावर.

"काकू, गवत कोणी काढलं?"

"गवत कुठलं? तुझ्या खाचरात गवतसुद्धा धड उगवत नाही."

मला रडू आलं. आठ दिवस मी नव्हते तरी या बाईला माझ्या खाचराच्या कागाळ्याच. पण तिथे उभी राहिले तेव्हा लक्षात आलं, पानं माझ्या खांद्याला लागतायत. एवढी मी लावली? मग ठरवलं. काकूंना दाखवायचंच. होडी उतरवायच्या दिवशी पाहुण्या म्हणून येतील ना, पाहुण्याने स्तुती करायची ही रीत आहे. सगळ्यांसमोर चांगलं म्हणावं लागेल. ते ऐकल्याशिवाय मी हे बेट सोडत नाही.

घरी येऊन पटाशी फडक्यातून काढली आणि ह्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने चहात साखर दोनदा घातली.

२२ जुलै, तिसरं वर्ष

तीन दिवस वादळ. पत्रे गेले, होडी दोरांनी बांधून वाचवली. आज बाहेर पडलो. समुद्राचं खारं पाणी डोंगरापर्यंत उडालं होतं, सगळ्यांचीच पानं करपली, पण माझं खाचर समुद्राच्या बाजूचं, ते काळं पडलं. वर पाट फुटलेला. पान जळालं आणि मुळाला पाणी नाही, की गड्डा पाणचट होतो, कुजतो. पाहुण्यांना निरोप गेलेले आहेत. सप्टेंबरचा दिवस ठरलेला आहे.

पाट फुटला तिथे गेलो तर काकू आधीच पाण्यात. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून दगड लावत होत्या. सत्त्याऐंशी वर्षं. पाणी त्यांना ढकलत होतं आणि त्या दगडाला शिव्या देत होत्या. आजा धावला, वोकायनचा बाप आला, अजून चौघे आले, तरी कुठला दगड कुठे ते काकूच सांगत होत्या. "तो नाही. तो आडवा. तुझ्या आईने तुला आडवं नि उभं शिकवलं नाही का?" दुपारपर्यंत पाणी चालू झालं.

मी जन्मात अशी बाई बघितली नाही. आज राग नाही, काही नाही. त्या वर आल्या तेव्हा ओठ निळे पडले होते. मी माझा वरचा सदरा काढून त्यांना गुंडाळला. तर म्हणतात, "याला घामाचा वास येतोय."

३ सप्टेंबर

अळकुड्या काढायला सुरुवात केली. पाच दिवस बाकी. होडीशेजारी रचत गेलो. डोंगराच्या बाजूचे गड्डे उत्तम, पोराच्या डोक्याएवढे. समुद्राच्या बाजूचे निम्मे मऊ पडलेले, हातात घेतले की बोट आत जातं. माहेरच्यांनी आणलं, ह्याच्या भावांनी आणलं. संध्याकाळी रचून बघितलं. मधला भाग झाकला, दोन्ही टोकं उघडी. टोकांवरच तर सगळं कोरीव काम. पांढरा, लाल, काळा रंग लख्ख दिसत होता. एरवी किती सुंदर दिसला असता.

आजा म्हणाला, "छान झालंय." घरच्या चीजेला छान म्हणणारा माणूस मनातून किती मोडला असेल ते मला कळलं.

४ सप्टेंबर

सकाळी काकू दारात. "माझ्या खाचरात चल. कुजतंय तिथे, जागा अडवून बसलंय."

काकूंच्या खाचरात मी कधी उतरले नव्हते. ते वरच्या अंगाला, कड्याच्या आडोशाला, वादळ तिथे पोचलंच नाही. त्यांनी पहार खुपसली, गड्डा वर आला, आणि मी बघतच राहिले. मोठ्या जातीच्या अळकुड्या. ही जात रोजच्या जेवणासाठी कोणी लावत नाही, फार जपावी लागते. ही होडीसाठी लावतात. आणि काकांनी कधी होडी कोरली नाही, त्यांना जाऊन वीस वर्षं झाली.

"काकू, ही कोणाच्या होडीसाठी लावली होती?"

"लावली होती. रोप होतं, चिखल होता. तुझ्या तोंडाला विश्रांती नाही का?"

दिवसभर काढत होतो. शेवटी त्यांच्या खाचरात नुसतं पाणी राहिलं, त्यात आभाळ दिसत होतं. मी म्हटलं, "तुमच्यासाठी काही ठेवा." म्हणाल्या, "माझे दात कुठे आहेत?" दात आहेत त्यांचे, सुपारी फोडतात.

८ सप्टेंबर

हे मी दुसऱ्या दिवशी लिहितेय. काल वेळच नव्हता.

होडी झाकली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि वर अजून ढीग. फळी दिसत नव्हती. सहाही गावांचे पाहुणे आले, पुरुषांनी चांदीची शिरस्त्राणं घातलेली, बायकांच्या गळ्यात मणी. आम्ही दोघं ढिगाच्या या बाजूला, पाहुणे त्या बाजूला. एकेक पुढे येऊन बोलत होता. आजा रीतीप्रमाणे म्हणत होता की होडी वाकडी आहे, माणूस शहरात बिघडलेला आहे, आणि पाहुणे म्हणत होते की असा कारागीर या किनाऱ्याला झाला नाही. मग बायका. वोकायनची आई म्हणाली, "अशा अळकुड्या मी माझ्या आजीच्या वेळी बघितल्या होत्या." मी म्हटलं कुठल्या हो, पाणचट आहेत. मनातून सुखावले.

पण माझं लक्ष काकूंकडे. नवीन कापड नेसून, मण्यांची माळ घालून त्या पाहुण्यांच्या मागून येत होत्या. आता बोलावंच लागेल, मी मनात म्हटलं. तीन वर्षं याची वाट बघितली.

काकू पाहुण्यांच्या रांगेत थांबल्या नाहीत. ढिगाला वळसा घालून सरळ माझ्या बाजूला आल्या, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ उभ्या राहिल्या आणि पाहुण्यांकडे तोंड करून म्हणाल्या,

"पाहुण्यांनो, आम्हाला लाज वाटते. आमच्या खाचराला पाणी पुरत नाही. आमच्या सुनेचा हात कच्चा आहे, तिला रोप धरता येत नाही. या आमच्या अळकुड्या म्हणजे उंदराच्या शेपट्या. एवढ्या लांबून आलात आणि तुम्हाला हे बघावं लागतंय. पदरात घ्या."

माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. आज, एवढ्या लोकांसमोरसुद्धा? मान वर केली तर समोर वोकायनची आई डोळे पुसत होती. मागच्या म्हाताऱ्या मान डोलवत होत्या. पाहुण्यांतला सगळ्यांत वयस्कर माणूस पुढे आला आणि आमच्या दोघींकडे बघून म्हणाला, "सी वानाय, तुझ्या घरात असलं अळू पिकतं, तर आम्ही आमची खाचरं बुजवायला हवीत."

तुझ्या घरात.

मग मला एकेक आठवायला लागलं. गमबूट. काठोकाठ पाणी. आठ दिवसांचं गवत. वोकायनच्या आईचे खांब आणि माझ्या शेपट्या. परक्याच्या चीजेला कोणी नावं ठेवतं का? काकू लावणीच्या दिवसापासून हे खाचर आपलं धरून बसल्या होत्या, मलाही आपली धरून बसल्या होत्या, आणि मी तीन वर्षं काओश्युंगच्या आचाऱ्याच्या कानांनी ऐकत होते. मी सूप मोरीत ओतत होते. मला फार रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. पाहुण्यांना वाटलं रीतच असेल.

आज सकाळी अळकुड्या आणि पाहुण्यांसाठी कापलेल्या डुकरांचं मांस वाटून झालं. मग पुरुषांनी होडी हातांवर उचलून तीनदा आभाळात फेकली आणि समुद्रात नेली. ती डोलली, सरळ झाली. आजा वल्हं मारत परत आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. काकू म्हणाल्या, "बुडली नाही. आश्चर्य आहे."

दुपारी पलीकडच्या गावची एक पाहुणी आपला वाटा टोपलीत भरत होती. काकू दोन हातांच्या अंतरावर बसून पानाला चुना लावत होत्या. पाहुणी मला म्हणाली, "मानोयोच्या आजी, काय बाई आहे ही! अशी काकू घरात असायला नशीब लागतं."

मी म्हटलं, "कसलं नशीब. आमची म्हातारी अगदीच वाया गेलेली आहे. हेकट, तोंडाळ. तिच्या हातचं एक काम धड होत नाही. आमच्या गळ्यात पडलीय, सांभाळतोय."

काकूंचा हात पानावर थांबला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, समुद्राकडे बघत होत्या. मग त्यांनी सुपारी ठेवली, पान नीट दुमडलं, आणि तो विडा स्वतःच्या तोंडात न घालता माझ्या हातावर ठेवला.